साहेब झालास, पुढं काय?

जळगावात मार्गदर्शन मेळावा होता. आपल्यातल्याच एका बड्या साहेबानं तासभर डोकं खाल्लं. शिका, कंपनीत शिरा, वर चढा, जात आपोआप गळून पडते म्हणे. मी धुळ्याचा, मुंबईच्या गोदीत पोती उचलतो, मॅट्रिकपुढं गेलो नाही. उठून विचारलं, "आनंद तेलतुंबडे किती वर चढले होते, साहेब?"

साहेब माईकवर हात ठेवून म्हणाला, "तो विषय नको. पोरांना नोकऱ्या लागायच्यात."

का नको? यवतमाळच्या राजूरचा हा शेतमजुराचा पोरगा. नागपुरात इंजिनियर झाला, अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकला. भारत पेट्रोलियममध्ये कार्यकारी संचालक, मग पेट्रोनेट इंडियाचा मॅनेजिंग डायरेक्टर, पुढं खरगपूरच्या आयआयटीत प्रोफेसर. वर खुद्द बाबासाहेबांचा नातजावई. साहेबाच्या शिडीला याहून वरची पायरी आहे का?

त्या पायरीवरून त्यांना खाली ओढलं. एल्गार परिषदेच्या खटल्यात आरोपी केलं. १४ एप्रिल २०२० ला, ऐन भीमजयंतीला, एनआयएपुढं हजर व्हावं लागलं. १३ नोव्हेंबर २०२१ ला गडचिरोलीत पोलिसांच्या गोळीनं भाऊ मिलिंद गेला, तेव्हा हे तळोजा जेलात. १८ नोव्हेंबर २०२२ ला हायकोर्टानं जामीन दिला. दहशतवादी कृत्याचा पुरावा प्रथमदर्शनी दिसत नाही म्हणाले. २६ तारखेला, संविधान दिनी, बाहेर आले. आत गेलेली अडीच वर्षं कोण भरून देणार?

साहेबाला भीती जेलची नाही, पुस्तकाची आहे. कंपनीची खुर्ची सांभाळत तेलतुंबड्यांनी खैरलांजीवर लिहिलं. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांग्यांच्या घरातली चार माणसं मारली. तपासापासून पोस्टमार्टेमपर्यंत कितीतरी खुर्च्यांवर आपलीच शिकलेली माणसं होती, हे त्यांनी छापून सांगितलं. झोंबणारच. १९५६ ला आग्र्यात बाबासाहेब शिकलेल्यांवरच चिडले होते, ते काय उगाच?

आणि दोस्तांनो, आपण कोण लागून गेलो? त्या १४ एप्रिलला लॉकडाऊनमध्ये मी धुळ्यात अडकलेलो. उंबऱ्यावर दिवे लावत होतो. मोबाईलवर बातमी आली. वाचली, मोबाईल खिशात टाकला, आईनं केलेला शिरा खाल्ला. लाज वाटते, पण लिहितो. दर ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर गर्दी करतो. १९३७ ला बाबा धुळ्याला आले ते कोर्टात खटला लढायला. आपल्या माणसावर खटला झाला तेव्हा आपण कुठं होतो?

तेलतुंबड्यांचं सगळं मलाही पटत नाही. भांडा की त्यांच्याशी. पण आधी वाचा.

साहेब जरूर व्हा रे. पण उद्या आपल्याच माणसाचं प्रेत टेबलावर आलं, तर रिपोर्टात काय लिहिणार, ते आजच ठरवून ठेवा.