न लिहिलेला कायदा आणि ‘आझादी’चे दार

#थ्रेड #इतिहास

१/
इराणमध्ये सुमारे चार दशके स्त्रियांना पुरुषांचे फुटबॉल सामने मैदानात बसून पाहता आले नाहीत. ही तिथली संस्कृतीच आहे, असे समर्थन केले जाते. अशा वेळी इतिहासाच्या अभ्यासकाने पहिला प्रश्न विचारावा : या रूढीची जन्मतारीख कोणती?

२/
तेहरानचे भव्य स्टेडियम १९७१ मध्ये उभे राहिले. १९७४ च्या आशियाई क्रीडा स्पर्धा तिथेच झाल्या. तेव्हा त्याचे नाव आर्यमेहर होते आणि प्रेक्षकांत स्त्रियाही असत. १९७९ च्या क्रांतीनंतर त्याचे नामकरण ‘आझादी’ झाले. या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाला सांगायला नको. पुढे थोड्याच वर्षांत स्त्रियांसाठी दारे बंद झाली. म्हणजे ही ‘संस्कृती’ त्या इमारतीहूनही वयाने लहान आहे.

३/
विशेष असे की, ही बंदी कोणत्याही लिखित कायद्यात नाही. पुरुषांच्या गर्दीतील शिवराळ भाषेपासून स्त्रियांचे रक्षण व्हावे, हे कारण पुढे केले जाते. शिवी देणारा आत आणि ती कानी पडू नये म्हणून स्त्री बाहेर, असा हा न्याय! २००१ मध्ये आयर्लंडच्या संघासोबत आलेल्या स्त्रियांना मात्र याच स्टेडियममध्ये प्रवेश मिळाला.

४/
माझ्या मते, अलिखित बंदी ही लिखित बंदीपेक्षा अधिक चिवट असते. कायद्यातले कलम रद्द करता येते. जे लिहिलेलेच नाही, ते खोडायचे कसे? एप्रिल २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनी स्त्रियांना प्रवेश देण्याची घोषणा केली. धर्मगुरूंनी विरोध केला, सर्वोच्च नेते खामेनेई यांनी नकार दिला आणि काही आठवड्यांत घोषणा विरून गेली.

५/
म्हणून स्त्रियांनी थेट दारच गाठले. १९९७ मध्ये मेलबर्नच्या २-२ बरोबरीमुळे इराण विश्वचषकासाठी पात्र ठरला. संघाच्या स्वागतसोहळ्यात हजारो स्त्रिया बंदोबस्त मोडून ‘आझादी’त शिरल्या. मुलांच्या वेशात सामन्याला जाणाऱ्या मुलींवर जाफर पनाही यांनी ‘ऑफसाइड’ हा चित्रपट काढला. २००६ मध्ये बर्लिन महोत्सवात तो गौरवला गेला. मायदेशात त्याच्यावर बंदी आली.

६/
मार्च २०१९. सहर खोदायारी ही तरुणी आपल्या लाडक्या एस्तेघलाल संघाचा सामना पाहण्यासाठी पुरुषवेशात निघाली आणि पकडली गेली. खटला उभा राहिला. तुरुंगवासाच्या भीतीने सप्टेंबरमध्ये तिने न्यायालयाबाहेर आत्मदहन केले. वय २९. संघाचा रंग निळा, म्हणून जग तिला ‘निळी मुलगी’ म्हणून ओळखते.

७/
तिच्या मृत्यूनंतर महिनाभरातच, फिफाच्या दबावामुळे, १० ऑक्टोबर २०१९ रोजी कंबोडियाविरुद्धच्या सामन्याला साडेतीन हजारांच्या आसपास स्त्रिया हजर होत्या. इराण १४-० असा जिंकला. पण मार्च २०२२ मध्ये मशहद येथे लेबनॉनविरुद्धच्या सामन्याला तिकिटे हाती असूनही स्त्रियांना बाहेरच रोखले गेले आणि त्यांच्यावर मिरपुडीचा फवारा मारण्यात आला. त्याच ऑगस्टमध्ये तेहरानमध्ये लीग सामन्यासाठी दार पुन्हा किलकिले झाले.

८/
या ये-जा करणाऱ्या परवानगीला ‘सुधारणा’ म्हणण्याची घाई आपण करू नये. दार उघडणारा हात तेच दार केव्हाही लावू शकत असेल, तर आत बसलेली स्त्री प्रेक्षक नसते, पाहुणी असते. फिफाने स्त्रियांसाठी किती खुर्च्या राखल्या हे मोजत बसण्यापेक्षा, पुरुषाप्रमाणे कोणत्याही सामन्याचे तिकीट घेण्याचा त्यांचा हक्क लेखी मागायला हवा होता.

९/
‘आमच्याकडे पूर्वापार हे असेच आहे’, असे कुणीही, कुठेही म्हणाले, की दोन गोष्टी विचाराव्यात : केव्हापासून? आणि कुठे लिहिले आहे? उत्तरादाखल पुष्कळदा सनावळी मिळत नाही. दारावरचा पहारेकरी तेवढा दिसतो.

वेगळे मत असल्यास अवश्य मांडा. चर्चा करू.