तेल खाणारं यीस्ट (अटी लागू)

समुद्रात तेल सांडलं की दोन-चार दिवसांत 'तेल खाणारे सूक्ष्मजीव' कुठेतरी छापून येतातच. बातमी खोटी नसते. पण ती वाचून आपल्याला जे हायसं वाटतं ना, त्यावर माझा आक्षेप आहे.

यारोविया लिपोलिटिका हे यीस्ट घ्या. त्याचा एक वाण मुंबईजवळच्या तेलकट समुद्राच्या पाण्यातच सापडला. डॉ. अदिती पंत (हो, १९८३ मध्ये अंटार्क्टिकावर गेलेल्या त्याच!) आणि सहकाऱ्यांनी त्याला बॉम्बे हायचं कच्चं तेल खाऊ घालून पाहिलं.

हे जमतं कसं? हायड्रोकार्बन म्हणजे कार्बनची गुळगुळीत साखळी, पकडायला कुठे खाचच नाही. यीस्टमधलं सायटोक्रोम पी-४५० हे एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनचा एक अणू साखळीच्या बरोब्बर टोकावर बसवतं. एरवीच्या रसायनशास्त्रात टोक सगळ्यात हट्टी! मग अल्कोहोल, अल्डिहाइड, फॅटी ॲसिड अशा पायऱ्या, आणि शेवटी पेरॉक्सिझोम नावाच्या कप्प्यात दोन-दोन कार्बनचे तुकडे. म्हणजे फोडणीचं तेल काय आणि पेट्रोलियममधलं मेण काय, शेवट एकाच कप्प्यात. भारी आहे राव.

पण हे यीस्ट जेवायला चोखंदळ आहे. १९६० च्या दशकात बीपी कंपनीने फ्रान्समध्ये लाव्हेरा इथे गॅस ऑइलवर यीस्ट वाढवून जनावरांसाठी प्रथिनं बनवली. टाकीत हवा सोडलेली, नायट्रोजनसाठी अमोनिया दिलेला, एकदम जावयासारखी बडदास्त. तरी यीस्टनं सरळ साखळ्यांचं मेण तेवढं खाल्लं आणि बाकीचं गॅस ऑइल तसंच ठेवलं.

आता ऑगस्ट २०१० आठवा. मुंबई बंदराजवळ चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली आणि इंधन तेल खारफुटीपर्यंत गेलं. जहाजांचं जड इंधन म्हणजे बहुतेक करून रिफायनरीतला उरलासुरला भाग, त्यात डांबरासारखे रेणू भरपूर. आणि खारफुटीच्या चिखलात थोडं खाली गेलं की ऑक्सिजनच नाही. म्हणजे या एन्झाइमची पहिली पायरीच बंद! वर अमोनिया कोण देणार?

माझं मत विचाराल तर पहिल्या काही तासांत तेल अडवणारे तरंगते बांध आणि तेल उपसणारी यंत्रं हाताशी हवीत. यीस्टचं काम त्यानंतरचं, तेही उघड्या पाण्यावरच्या पातळ थरावर. ते संशोधन जरूर व्हावं, पैसेही मिळावेत. फक्त चिखलात रुतलेल्या तेलाची जबाबदारी त्या बिचाऱ्यावर ढकलू नका.