नाव बदला, मग बघू!

"नाव बदला, मग बघू." हे वाक्य आपल्या पोरांनी आजवर किती वेळा ऐकलं असेल? भाड्याची खोली शोधताना ऐकलं, नोकरीच्या मुलाखतीत ऐकलं. मागच्या वर्षी आमच्या वस्तीतल्या चार पोरांच्या बँडनेही ते ऐकलं. एका कॉलेजच्या कार्यक्रमातून निरोप आला की गाणी चांगली आहेत, पण नावातला 'भीम' तेवढा काढा, कार्यक्रम राजकीय वाटतो. पोरं माझ्याकडे आली. "ताई, काय करायचं?"

मी त्यांना डेट्रॉइटच्या तीन भावांची गोष्ट सांगितली. तीच इथे मांडते, कारण हा प्रश्न फक्त त्या चौघांचा नाही.

डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातले कृष्णवर्णीय सख्खे भाऊ. १९७१ मध्ये त्यांनी घरातल्याच एका खोलीत बँड सुरू केला. डेव्हिडच्या हाती गिटार, बॉबी बास वाजवायचा आणि गायचा, डॅनिस ड्रमवर. डेट्रॉइट म्हणजे मोटाउन कंपनीचं शहर. काळ्यांनी सोल आणि फंक गावं, रॉक गोऱ्यांनी वाजवावं, अशी बाजाराने वाटणी करून टाकली होती. या भावांनी ती वाटणी मानली नाही. त्यांनी वेगवान, कर्कश, संतापलेलं रॉक वाजवलं. स्वतःच्याच वस्तीतले लोक विचारायचे, हे गोऱ्यांचं संगीत कशाला वाजवता?

त्यांचे वडील अपघातात गेले होते. त्या दुःखातून डेव्हिडने बँडला नाव दिलं 'डेथ', म्हणजे मृत्यू. मृत्यूकडे भीतीने न पाहता वेगळ्या नजरेने पाहायचं, हा त्यामागचा त्याचा विचार होता. १९७५ मध्ये डेट्रॉइटच्या युनायटेड साउंड स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झालं. बारा गाणी ठरली होती, सात झाली. संगीत कंपन्यांच्या दुनियेतलं बडं प्रस्थ असलेल्या क्लाइव्ह डेव्हिसला गाणी आवडली होती. अट एकच : नाव बदला. डेव्हिडने नकार दिला आणि पाठबळ संपलं.

१९७६ मध्ये भावांनी 'ट्रायअँगल' या स्वतःच्या लेबलवर दोन गाण्यांची एक तबकडी काढली. प्रती फक्त ५००. रेडिओने विचारलं नाही. १९७७ मध्ये बँड संपला.

आता काहीजण म्हणतील, करार मोडला तो नावामुळे, रंगामुळे नव्हे. प्रत्येक गोष्टीत जात आणि वर्ण कशाला शोधता? ठीक आहे, नावाचंच बोलू. ज्या काळात 'डेथ'ला दार बंद झालं, त्याच काळात, १९७६ मध्ये, त्याच क्लाइव्ह डेव्हिसच्या अरिस्टा कंपनीने 'ग्रेटफुल डेड' या गोऱ्या बँडशी करार केला. त्यांच्या नावात तर मृतच आहेत! तो बँड तोवर गाजलेला होता, हे खरं. पण अनोळखी असताना त्यांना याच नावाने कुणीतरी उभं राहू दिलं होतं ना? 'ब्लॅक सॅबथ'ची पहिली तबकडी १९७० ची. त्या नावानेही बाजार बुडाला नाही. भीतीदायक नाव गोऱ्या पोरांनी घेतलं तर तो बंडखोर बाणा, काळ्यांनी घेतलं तर धंद्याला धोका. याला योगायोग म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं.

आणि रॉक गोऱ्यांचं कधी झालं? सिस्टर रोझेटा थार्प, चक बेरी, लिटल रिचर्ड हे सगळे कृष्णवर्णीय. निर्माण एकाने करायचं आणि मालकी दुसऱ्याने सांगायची, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. चामडं कमावणारा अस्पृश्य आणि त्याच चामड्याचा मृदंग देवळात पवित्र, हा न्याय आपण पिढ्यान् पिढ्या पाहिलाय. म्हणून आपल्यातलेच जे जाणते म्हणतात की "हलगी आपली, गिटार आपली नाही", त्यांना माझा थेट प्रश्न आहे : आपल्या पोरांनी कोणतं वाद्य धरावं हे ठरवणारे नवे मनू तुम्ही कधीपासून झालात?

पुढची गोष्ट जास्त टोचणारी आहे. त्या ५०० प्रतींतल्या काही प्रती दुर्मीळ तबकड्या जमवणाऱ्यांच्या हाती लागल्या आणि बोलबाला झाला. २००९ मध्ये 'ड्रॅग सिटी' या लेबलने ती सात गाणी प्रसिद्ध केली. २०१२ मध्ये माहितीपट आला. आता समीक्षक म्हणू लागले, हे तर पंकच्या आधीचं पंक! लगेच सुविचार तयार : खरी गुणवत्ता कधी ना कधी पुढे येतेच.

साफ खोटं! डेव्हिड २००० साली फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. ज्याने नाव सोडलं नाही, त्याने टाळ्या ऐकल्याच नाहीत. गाणी वाचली ती गुणवत्तेच्या जोरावर नाही. डेव्हिडने मूळ टेप बॉबीच्या हवाली केल्या होत्या, जग एक दिवस त्या शोधत येईल असं बजावलं होतं आणि बॉबीने त्या माळ्यावर जपल्या, म्हणून वाचली. ज्यांच्या टेप भिजल्या, हरवल्या, त्यांची गुणवत्ता कुठे गेली?

आपलंही तसंच आहे. वामनदादा कर्डकांच्या पिढीतल्या किती शाहिरांचं, गायन पार्ट्यांचं गाणं नीट ध्वनिमुद्रित झालं? किती कॅसेटी पावसाळ्यात बुरशी लागून संपल्या? प्रस्थापितांनी नोंद घेतली नाही, हा आरोप खरा आहे. पण आपण काय जपलं? जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर आपण जेवढे पैसे उडवतो, त्यातला चौथा हिस्सा तरी वस्तीतल्या पोरांच्या ध्वनिमुद्रणाला द्या. मूळ फाइली दोन-तीन ठिकाणी ठेवा. गाण्याचे हक्क गाणाऱ्याच्याच नावावर राहू द्या. कुणीतरी येऊन आपल्याला 'शोधेल' याची वाट पाहणं म्हणजे दारात उभं राहून भाकरी मागणं आहे.

विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं लढलेला, माणसं गमावलेला हा समाज आहे. नावात काय आहे, हे आपल्याला विचारू नका.

त्या चौघांनी नाव बदललं नाही. कार्यक्रम गेला. पोरं दोन दिवस गप्प होती, हेही सांगायला हवं, कारण नकाराची किंमत टाळ्या वाजवणारे भरत नाहीत. ती किंमत चौघांनीच भरायची की आपण सगळ्यांनी, एवढाच आता प्रश्न आहे. १४ एप्रिलला ते वस्तीच्या बुद्धविहारासमोर वाजवणार आहेत. आम्ही ते रेकॉर्ड करणार आहोत.

जय भीम!