एका जहाजाची कहाणी

दरवर्षी १४ एप्रिल रोजी देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. त्याचे मूळ एका मालवाहू जहाजात आहे. ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज महायुद्धाच्या निकडीपायी १९४२ साली कॅनडातील प्रिन्स रूपर्ट येथे बांधले गेले. १२ एप्रिल १९४४ रोजी ते मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि जवळच कराचीहून घेतलेला कापूस! दोन दिवसांनी कापूस पेटला. बंबवाले अखेरपर्यंत पाण्याचा मारा करीत राहिले. चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे दगावली. त्यांत ६६ अग्निशामक होते. आग विझविणाऱ्यांचे शौर्य वंदनीय खरेच. परंतु ज्वालाग्राही वस्तू एकमेकींपासून दूर ठेवणे, हे आपल्याच हाती नाही काय?