पवित्र नदी, अशुद्ध पाणी

माथेरानच्या डोंगररांगेतून उतरणारी गाढी नदी देहरंग धरणात विसावते, पनवेलकरांची तहान भागवते आणि विचुंबे-देवदच्या शिवारातून नवीन पनवेलच्या कडेने पुढे जात खाडीला मिळते. लांबीने लहान असली तरी या परिसराची ती जीवनवाहिनी आहे. भातशेतीचे गाव म्हणून ओळखले जाणारे विचुंबे तिच्याच काठी मोठे झाले. मुंबईत घर घेणे आवाक्याबाहेर गेलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी येथे संसार थाटले आणि भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या.

2013 मध्ये विमानतळ प्रभाव क्षेत्राची, म्हणजेच 'नैना'ची घोषणा झाली आणि या पट्ट्याच्या नियोजनाचे अधिकार सिडकोकडे गेले. रोजच्या पाण्याचा आणि कचऱ्याचा भार मात्र ग्रामपंचायतीच्या खांद्यावर राहिला. लोकवस्ती शहराची आणि व्यवस्था खेड्याची, ही शहरांच्या वेशीवरील शेकडो गावांची कथा आहे. या दोहोंमधील अंतरातच रोगजंतूंना रान मोकळे मिळते.

हे अंतर किती महाग पडते, हे जानेवारी 2025 मध्ये पुण्याने अनुभवले. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरात 'गुइलेन बारे सिंड्रोम' या मज्जासंस्थेच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, काहींना प्राण गमवावे लागले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत 'कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी' हा जिवाणू आढळला आणि पाणीपुरवठ्याकडे बोट गेले. बाधित भागात महापालिकेत नव्याने सामील झालेली गावे होती. नकाशावर शहर झाले होते. शुद्ध पाण्याची यंत्रणा मागाहून येत होती.

वास्तविक पाणी शुद्ध करणारे पहिले कामगारही सूक्ष्मजीवच आहेत. नदीत मैला मिसळला की जिवाणू त्यातील सेंद्रिय द्रव्यावर जगतात आणि त्यासाठी पाण्यातील प्राणवायू वापरतात. या गरजेला शास्त्रज्ञ 'जैवरासायनिक प्राणवायू मागणी' म्हणतात. स्नानयोग्य पाण्यात ही मागणी लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या आत असावी आणि विरघळलेला प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम असावा, असा आपल्याकडील निकष आहे. घरगुती मैलापाण्यात हीच मागणी 200 ते 300 मिलिग्रॅमपर्यंत असते. भार मर्यादेत असेल तर वाहती नदी तो पचवते. मर्यादा ओलांडली की प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि प्राणवायूविना जगणारे जिवाणू कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी सोडू लागतात.

आर्डर्न आणि लॉकेट यांनी 1914 मध्ये मँचेस्टर येथे मैलापाण्यात हवा खेळवून हेच नैसर्गिक काम काही तासांत करून दाखविले. आजची बहुसंख्य मैलाशुद्धीकरण केंद्रे त्याच तत्त्वावर चालतात. निसर्गाची ही रीत माहीत असूनही सांडपाणी तसेच नदीत सोडणे हा निव्वळ आळस आहे.

येथे श्रद्धावान समाजाने स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. हँकिन या शास्त्रज्ञाने 1896 मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू नष्ट होतात, असे निरीक्षण नोंदविले. पुढे जिवाणूभक्षी विषाणूंचा शोध लागल्यावर हे निरीक्षण त्यांच्याशी जोडले गेले. आपल्याकडे ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि सांगावीही. परंतु तिचा अर्थ 'नदी सारे सोसेल' असा लावणे हा नदीवर अन्याय आहे. हे विषाणू ठरावीक जिवाणूंनाच मारतात. शहरभराचा मैला पचविण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नाही. स्नानाच्या वेळी सप्तनद्यांचे आवाहन करणाऱ्या घराचे सांडपाणी गावच्या नदीत जात असेल, तर ते आवाहन ओठांपुरतेच उरते. आईला नमस्कार करणाऱ्या मुलाने तिच्या औषधपाण्याचीही चिंता वाहायची असते.

ही चिंता कृतीत आणणे फारसे अवघड नाही. नितळ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही. 'ई. कोलाय' हा आतड्यातील जिवाणू पाण्यात सापडला की त्यात मैला मिसळल्याचे निश्चित होते. पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात तो एकही असू नये. टाकीत क्लोरिनची पूड पडली की नाही, हे ओ.टी. चाचणीने मिनिटभरात कळते. थेंब टाकताच पिवळी छटा आली तर क्लोरिन शिल्लक आहे. पाण्याच्या स्वच्छतेनुसार राज्यात ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे वा लाल कार्ड दिले जाते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे किती सुशिक्षित कुटुंबांना ठाऊक असते?

हाच प्रश्न सेप्टिक टाकीबाबत आहे. ही टाकी मैल्यावर अर्धीच प्रक्रिया करते. दोन-तीन वर्षांनी तिचा गाळ उपसावा लागतो आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याला शोषखड्डा किंवा गटारवाहिनी लागते. तो गाळ टँकर कोठे रिता करतो, हे विचारण्याचा हक्क सोसायटीतील प्रत्येक रहिवाशाला आहे.

संघाने शताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण आणि नागरिक कर्तव्य या दोहोंचा समावेश आहे. विचुंबेसारख्या गावात ही दोन्ही सूत्रे पाण्याच्या टाकीपाशी एकत्र येतात. गाव, सोसायटी आणि शाखा मिळून आठवड्यातून एकदा नळाच्या पाण्याची चाचणी करू शकतात. ग्रामसभेत मलनिस्सारणाचा विषय सातत्याने मांडता येतो, सिडकोकडे त्याचा पाठपुरावा करता येतो. यात घोषणा नाहीत, मिरवणूक नाही. म्हणूनच ते निष्ठेची परीक्षा पाहणारे काम आहे. नदीचे पावित्र्य पूर्वजांनी आपल्या हाती सोपविले. तिची शुद्धता पुढच्या पिढीच्या हाती सोपविणे हे आपले देणे आहे.