लांब टोकाचं झाड लवकर फुलतं! पण याचा सेलूच्या कापूस-तुरीशी काय संबंध?

मोबाइलवर बोट फिरवताना असा एखादा रील तुम्हीही पाहिला असेल. पेशीचं ॲनिमेशन, त्यात आखडत जाणारी गुणसूत्रांची टोकं, मग सुरकुतलेला चेहरा आणि शेवटी कॅप्सूलची बाटली. 'टेलोमेर लांब, तर आयुष्य लांब.'

माणसाच्या बाबतीत हे गणित इतकं सरळ नाही, पण ते आज बाजूला ठेवू. गंमत अशी की झाडांकडे पाहिलं तर ते उलटंच दिसतं. लांब टोकांची झाडं लवकर फुलोऱ्यावर येतात. ज्या झाडाचं आयुष्यच एका हंगामाचं, त्याच्यासाठी लवकर फुलणं म्हणजे लवकर आटोपणं.

आणि लवकर आटोपणारं पीक हा वर्धा जिल्ह्यातल्या सेलूत (परभणीचं सेलू वेगळं) थेट पैशाचा विषय आहे.

आधी हे टोक म्हणजे काय?

बैलाचा कासरा नुसता कापून ठेवला तर पीळ सुटतो आणि दोरी उसवत जाते. म्हणून टोकाला गाठ मारतात. नायलॉनची दोरी असेल तर टोक पेटवून दाबतात. गुणसूत्राच्या टोकाला निसर्गाने अशीच गाठ मारलेली असते. तिचं नाव टेलोमेर. १९३८ मध्ये हर्मन म्युलर यांनी हे नाव दिलं. त्याच सुमारास बार्बरा मॅक्लिंटॉक मक्याची तुटलेली गुणसूत्रं पाहत होत्या. तुटलेली टोकं एकमेकांना चिकटतात, मूळची टोकं मात्र चिकटत नाहीत, हे त्यांना दिसलं. म्हणजे टोकांची कहाणी सुरू झाली तेव्हापासून त्यात एक पीक आहेच.

ही गाठ एकाच शब्दाच्या जपाने बनते. बहुतेक झाडांमध्ये तो शब्द सात अक्षरी आहे : टीटीटीएजीजीजी. १९८८ मध्ये तो पहिल्यांदा अराबिडॉप्सिस नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या एका रानटी रोपट्यात वाचला गेला. पण सगळी झाडं हाच जप करत नाहीत. रातराणीच्या कुळीत तो दहा अक्षरी निघाला, तर कांदा-लसणात बारा अक्षरी. कांद्याचा शब्द कित्येक वर्षं सापडत नव्हता, तो २०१६ मध्ये सापडला. कांद्याने फक्त बाजारभावातच रडवलंय असं नाही.

एकाच जातीत इतका फरक?

शब्द ठरलेला असला तरी तो किती वेळा येतो, हे ठरलेलं नाही. अराबिडॉप्सिसची वेगवेगळ्या डोंगर-माळांवरून गोळा केलेली रोपं तपासली, तर कुणाची टोकं दोनेक हजार अक्षरांची, कुणाची नऊ हजारांपर्यंत. जात एक, फूल एक, दिसायलाही जवळपास सारखं. तंबाखूत तर ही टोकं दीड लाख अक्षरांपर्यंत जातात.

हा फरक वारशाने येतो. २०१९ मध्ये अराबिडॉप्सिसमधलं एनओपी२ए हे जनुक टोकांची लांबी ठरवण्यात भाग घेतं, असं समोर आलं. जनुकाचं मूळ काम पेशीतले प्रथिनांचे कारखाने, म्हणजे रायबोसोम, उभे करण्याशी जोडलेलं. टोकांची लांबी आणि पेशीची वाढ यांचे धागे कुठेतरी एकत्र आहेत, हा त्यातला इशारा.

मग २०२१ मध्ये जे यंग चोई, मायकेल पुरुगनन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी अराबिडॉप्सिस, भात आणि मका ही तीन झाडं घेतली. तिन्हींत कल एकच दिसला : टोकं लांब, तर फुलोरा लवकर. त्यांचा तर्क असा की घाईने वाढणाऱ्या झाडाच्या पेशी थोड्या दिवसांत भराभर दुभंगतात, त्यामुळे टोकांची जास्त शिल्लक हाताशी असणं त्याला फायद्याचं ठरत असावं.

उलट बाजूही मजेशीर आहे. टोकं दुरुस्त करणारं टेलोमरेज हे विकर ज्यांच्यात बंद पाडलं होतं, अशी अराबिडॉप्सिसची रोपं लगेच मेली नाहीत. त्यांचा वंश दहा पिढ्यांपर्यंत चालला. शेवटच्या पिढ्यांत काही रोपं फुलायचीच थांबली, नुसती पानं काढत राहिली आणि नेहमीपेक्षा जास्त दिवस जगली. टोकं झिजली, आयुष्य वाढलं, पण बी धरलं नाही! शेतकऱ्याच्या भाषेत, नुसता पाला.

आता सेलूकडे येऊ

सेलू तालुक्यात जूनमध्ये कापूस लागतो, सोबत तुरीच्या ओळी असतात. बोर धरणाच्या कालव्याचं किंवा विहिरीचं पाणी ज्यांच्याकडे आहे, त्यांना डिसेंबरात एक मोह होतो. मुख्य वेचण्या झाल्या, पण पऱ्हाटी अजून हिरवी आहे. एक पाणी, थोडं खत, की ती परत फुटते. हीच फरदड.

पऱ्हाटी अशी परत का फुटते? कारण कापूस मुळात एका हंगामाचं झाड नाहीच. त्याचे रानटी पूर्वज वर्षानुवर्षं जगणारी झुडपं, दिवस लहान झाल्यावर फुलणारी. माणसाने हजारो वर्षं निवड करून त्याला हंगामी पिकाच्या चौकटीत बसवलं, पण जुनी खोड गेली नाही. पाणी दिसलं की ते पुन्हा झुडूप होतं.

गुलाबी बोंडअळीला हेच हवं असतं. थंडीत खायला नसेल तर तिची साखळी तुटते. फरदड ठेवली की तिला घरपोच जेवण. २००६ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या बीटी कापसालाही ही अळी पुढे जुमानेनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाने त्याची किंमत मोजली. म्हणूनच कृषी विभाग आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सांगत राहतात : फरदड घेऊ नका, कमी दिवसांचं वाण लावा, पीक वेळेत संपवा. सांगणं सोपं आहे. हाताशी आलेले चार-दोन क्विंटल सोडून देणं सोपं नाही, आणि ते सोडणाऱ्याला कुणी भरपाईही देत नाही.

तुरीचं दुखणं वेगळं. दिवस लहान होऊ लागले की ती फुलते आणि फुलोऱ्यात धुकं पडलं की फुलं गळतात. सुमारे १८० दिवसांच्या वाणाला परतीच्या पावसानंतर जमिनीतली ओल पुरत नाही. म्हणून बदनापूरच्या संशोधन केंद्राचं १५०-१६० दिवसांचं 'बीडीएन ७११' कोरडवाहू शेतकऱ्याला जवळचं वाटतं. वीस-पंचवीस दिवसांचा हा फरक म्हणजे एका पाण्याचा, एका फवारणीचा फरक.

'वीस दिवस आधी' याला किती वजन आहे ते मे २०२५ मध्येही दिसलं. केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताची दोन वाणं जाहीर केली. त्यातल्या 'कमला'बद्दलचा एक मुख्य दावा हाच होता, की ते मूळ वाणापेक्षा सुमारे वीस दिवस आधी तयार होतं. या दाव्यांवर नंतर आक्षेपही घेतले गेले, तो वाद वेगळा. पण दिवस कमी करण्याची शर्यत लागलेली आहे, हे नक्की.

मग टोकं लांब करून टाकायची का?

नाही. इथेच रीलवाल्यांपासून सावध राहायचं. अभ्यासाने संबंध दाखवला आहे, कारण सिद्ध केलेलं नाही. फुलोरा कधी यायचा हे ठरवणारी जनुकं खूप आहेत. शिवाय दिवसाची लांबी, तापमान, पेरणीची तारीख हे सगळं त्यावर बसतं. अभ्यासातल्या तीन झाडांत कापूस नाही, तूरही नाही. उद्या कुणी 'टेलोमेर-टेस्टेड' बियाण्याची पिशवी घेऊन आलं, तर तिच्यावर दिवसांचा कालावधी काय लिहिलाय ते वाचा आणि पक्कं बिल मागा.

मला यातली महत्त्वाची गोष्ट दुसरीच वाटते. हा संबंध दिसला, कारण मोजायला फरक असलेली झाडं शिल्लक होती. अराबिडॉप्सिसची रानटी बियाणी कित्येक दशकं जपून ठेवली गेली. २०१६ मध्ये अशा १,१३५ वंशांचे पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाले. सगळीकडे एकच वाण असतं, तर शोधायला काही उरलंच नसतं.

आपल्याकडेही हा खजिना आहे. पूर्व विदर्भातल्या बोड्या-तलावांत आपोआप उगवणारं देवधान, जे ऋषिपंचमीला आठवतं, ते भाताचं रानटी भावंड. तुरीची एक रानटी बहीण माळरानावर आणि जंगलाच्या कडेला वेलासारखी पसरते. तिच्या शेंगांवर दाट लव असते, त्यामुळे शेंगा पोखरणाऱ्या अळीची पंचाईत होते. दुसरी बहीण बस्तर-ओडिशाच्या डोंगरातली. तिच्याच मदतीने इक्रिसॅटने तुरीचा 'आयसीपीएच २६७१' हा संकरित वाण घडवला आणि २०१० मध्ये तो मध्य प्रदेशात आला. जिला कुणी तण म्हणून उपटलं असतं, तिच्यावर हे वाण उभं आहे.

अकोल्यात राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्युरोचं प्रादेशिक केंद्र आहे. असं बियाणं गोळा करून जपणं हेच त्याचं काम. पण शीतपेटीतलं बी थांबलेलं असतं. बांधावरचं रोप दरवर्षी नवा उन्हाळा, नवी कीड झेलत बदलत राहतं. आणि बांध तर दरवर्षी बारीक होतायत. जो उरतो त्यावर तणनाशक पडतं, कारण निंदणाला मजूर मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही. शेतकऱ्याला यात दोष देऊन उपयोग नाही. बांधाचा एक तुकडा न फवारता ठेवायचा, तर त्याचं त्याला काय मिळणार, याचं उत्तर आजच्या कुठल्याच मोठ्या योजनेत ठळकपणे दिसत नाही.

तुरीला २२ गुणसूत्रं, म्हणजे ४४ टोकं. कपाशीच्या अमेरिकन जातीला ५२, म्हणजे १०४. हिशेब बराच मोठा आहे. तोवर सेलूत मात्र डिसेंबर संपला की प्रश्न जुनाच असेल : पऱ्हाट्या उपटायच्या, की कालव्याला पाणी आलंय तर अजून एक पाळी द्यायची?