जहाज कंपनीचा कागद दाखवा, नाहीतर पैसे मोजा

ज्या टूरवाल्यांनी मुंबई-ठाण्याच्या निवृत्त मंडळींकडून सिंगापूरच्या क्रूझसाठी अनामत घेतली आणि बुकिंग रद्द केल्यावर ‘नॉन-रिफंडेबल’ हा एकच शब्द तोंडावर फेकून फोन उचलणे बंद केले, त्यांच्यासाठी हा जाहीर इशारा आहे. नावे आज छापत नाही. ज्यांना हे लागू आहे त्यांना ते पहिल्या ओळीतच कळले असेल. हा अंक बाजारात आल्या दिवसापासून पंधरा दिवसांची मुदत. त्यानंतर नावे छापली जातील ती ग्राहक आयोगापुढच्या तक्रारीत, पत्त्यासकट.

प्रकार काय झाला ते सगळ्यांना माहीत असलेले बरे. एका सभागृहात सहलीचे ‘प्रेझेंटेशन’ झाले. पडद्यावर निळे पाणी, मागे संगीत, हातात समोसा आणि चहा. ‘अर्ली बर्ड ऑफर आज रात्रीपर्यंतच, उद्या रेट वाढणार,’ अशी घाई. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी बेस्टमधून, कोणी शाळेतून. मुदत ठेव मोडून लोकांनी रक्कम भरली. पावती मिळाली ती एजंटच्या लेटरहेडवर. तिच्यावर जहाजाचे नाव होते, पण केबिन क्रमांक नव्हता आणि जहाज कंपनीचा बुकिंग क्रमांकही नव्हता. पुढे कोणाच्या यजमानांची बायपास निघाली, कोणाच्या पासपोर्टचे नूतनीकरण अडले. त्यांनी शेवटचा हप्ता भरण्याच्या तारखेआधी लेखी कळवून बुकिंग रद्द केले. उत्तर आले की सगळी रक्कम बुडाली, कंपनीचा नियम आहे. आणि यजमान आजारी पडल्यावर बहिणीबरोबर जाऊ म्हणणाऱ्या एका बाईंना सांगितले गेले की नाव बदलता येणार नाही, जायचे असेल तर ट्विन शेअरिंगच्या केबिनचे दोघांचे पैसे तुम्ही एकट्याच भरा.

कंपनीचा नियम? कोणत्या कंपनीचा? तोच कागद आम्ही मागतो आहोत.

क्रूझचे पैसे एकाच डब्यात जात नाहीत. त्यात भाडे असते, बंदरांचे कर आणि सरकारी शुल्क असते, जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठी आगाऊ घेतलेली बक्षिसी असते, कधी विमा आणि विमानाचे तिकीटही असते. जहाज कंपन्या आधी अनामत घेतात आणि उरलेली रक्कम साधारण दोन-तीन महिने आधी मागतात. तिथपासून रद्द करण्याचे शुल्क टप्प्याटप्प्याने चढत जाते आणि निघण्याच्या अगदी तोंडावर शंभर टक्क्यांपर्यंत पोहोचते. स्वस्त भाड्याच्या काही योजनांत अनामत परत मिळत नाही, हेही खरे. पण ती अनामत म्हणजे एकूण रकमेचा एक तुकडा, सगळी रक्कम नव्हे. प्रवासी जहाजावर चढलाच नाही तर बंदराचा कर आणि बक्षिसी बहुतेक कंपन्या परत करतात. मग आमच्या मंडळींची ती रक्कम कोणाच्या खिशात आहे?

दुसरी गोष्ट टूरवाले कधी बोलत नाहीत. ग्रुप बुकिंगमध्ये एजंट कंपनीकडून केबिनचा एक गट अडवून ठेवतो. ठरलेल्या तारखेपर्यंत न विकलेल्या केबिन परत करता येतात, आणि प्रवाशांची नावे बऱ्याचदा शेवटीच दिली जातात. म्हणजे एखाद्याने वेळेत माघार घेतली तर ती केबिन दुसऱ्याला विकायला एजंट मोकळा असतो. विकायची तर खुशाल विका. पण मग पहिल्याचे पैसे ‘बुडाले’ असे सांगू नका. एकाच केबिनचे दोनदा पैसे घेण्याला व्यापार म्हणत नाहीत.

पावतीच्या मागे बारीक अक्षरात काहीही छापले की तो कायदा होतो, हा भ्रम आता सोडा. करार कायद्याचे 74 वे कलम 1872 पासून सांगते की करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाईच. सर्वोच्च न्यायालयाने कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात 2015 साली स्पष्ट केले की नुकसानच झाले नसेल तर अनामत जप्त करता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 त्याच्याही पुढे जातो. नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणारा करार हा ‘अनुचित करार’ ठरतो आणि त्याविरुद्ध थेट राज्य आयोगाकडे जाता येते. सेवेत त्रुटी असताना बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. तुमच्या पावतीवर मुदतीचा उल्लेखच नाही. हिशेब तुम्हीच करा.

काहींनी तडजोड म्हणून क्रेडिट नोट पुढे केली आहे, ‘पुढच्या वर्षी वापरा.’ घेणार नाही. मार्च 2020 मध्ये जगभरची जहाजे बंदरात उभी राहिली तेव्हा असली क्रेडिटे सगळीकडे वाटली गेली. त्या काळात काय झाले ते मुंबईकरांनी आपल्याच बंदरात पाहिले. 2019 च्या एप्रिलमध्ये जालेश क्रूझेसची ‘कर्णिका’ मोठ्या गाजावाजाने इथून सुटू लागली. 2020 संपण्यापूर्वी कंपनी बंद पडली होती आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने लिलावात गेलेली ‘कर्णिका’ तोडण्यासाठी अलंगच्या किनाऱ्यावर होती. जानेवारी 2022 मध्ये गेंटिंग हाँगकाँग ही कंपनी कोसळली आणि तिच्याबरोबर सिंगापूरहून सुटणाऱ्या ड्रीम क्रूझेसचा कारभार आटोपला. जहाज लिलावात निघाले की पैसे कोणाला आधी मिळतात, हे आपल्या 2017 च्या नौवाहन अधिकारिता कायद्यात लिहिले आहे. आधी खलाशांचे पगार, बंदराची देणी वगैरे सागरी धारणाधिकार असलेले दावे, मग जहाज गहाण ठेवून घेणारी बँक, आणि त्यानंतर बाकी सगळे. तिकिटाचे पैसे मागणारा प्रवासी त्या ‘बाकी सगळ्यां’त असतो. म्हणून ‘पैसे कंपनीकडे सुरक्षित आहेत’ हे वाक्य आमच्यासमोर पुन्हा उच्चारू नका. ब्रिटनमध्ये पॅकेज सहल विकणाऱ्याला दिवाळखोरीपासून ग्राहकाच्या पैशाचे संरक्षण कायद्यानेच करावे लागते. आपल्याकडे तसे बंधन नाही. पर्यटन मंत्रालयाची मान्यतासुद्धा ऐच्छिक आहे. तुमच्या भिंतीवर फ्रेम करून टांगलेल्या प्रमाणपत्रांनी आमचा एक रुपयाही सुरक्षित होत नाही.

आता मागणी. प्रत्येक प्रवाशाच्या नावाने जहाज कंपनीचा कागद द्या: बुकिंग क्रमांक कोणता, तुमच्याकडून किती रक्कम कोणत्या तारखेला मिळाली, रद्द झाल्यावर कंपनीने किती ठेवली. कंपनीने खरोखर ठेवलेली रक्कम आम्ही सोडू, त्यावर वाद नाही. तुमचे सेवाशुल्क पैसे घेण्यापूर्वी लेखी सांगितले असेल तर तेही वाजवी प्रमाणात कापा. उरलेली पै न पै परत करा. न काढलेल्या विम्याचा हप्ता आणि न काढलेल्या विमानतिकिटाचे पैसे त्यात धरा. परदेशी सहलीवर टीसीएस हा कर घेतला आहे ना? मग तो आयकर विभागाच्या संकेतस्थळावर ज्याच्या त्याच्या पॅनखाली दिसला पाहिजे. दिसत नसेल तर तो सरकारकडे भरला का, ते दाखवा.

आणि कंपनीकडे रक्कम पोहोचलीच नसेल, तर मामला रिफंडचा राहत नाही. विशिष्ट कामासाठी विश्वासाने सोपवलेले पैसे एजंटने स्वतःसाठी वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या 316 व्या कलमाखाली फौजदारी विश्वासघात आहे, आणि एजंट म्हणून व्यवसायात तो करणाऱ्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. पोलीस ठाण्यात आधी ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे ऐकावे लागते, याची आम्हाला कल्पना आहे. आम्ही अर्ज लेखी देऊ आणि पोच घेऊ. निवृत्त माणसांकडे वेळ भरपूर असतो, हे तुम्ही विसरलात.

पावतीवर ‘वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात’ असे छापून घाबरवण्याचाही उपयोग नाही. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ठाण्याचा माणूस ठाण्यातच करेल. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या तक्रारीला शुल्क लागत नाही, दोन वर्षांची मुदत आहे, वकील केलाच पाहिजे असे नाही, आणि सारखे हित असलेले ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र येऊ शकतात. आदेश पाळला नाही तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पंचवीस हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

प्रामाणिक एजंट आहेत, आणि त्यांना या मजकुराचा राग येण्याचे कारण नाही. कंपनीचे ई-मेल जसेच्या तसे पुढे पाठवून, आपले कमिशन सोडून लोकांचे पैसे परत करणारी माणसे या धंद्यात आहेत. उलट त्यांनीच आपल्या संघटनांमधून या मंडळींना दोन शब्द सुनवावेत.

दिवाळीच्या आणि उन्हाळी सुट्टीच्या सहलींसाठी जे आता चेकबुक काढून बसले आहेत, त्यांनाही एक दटावणी. एजंटच्या बायकोच्या किंवा मेव्हण्याच्या यूपीआयवर पैसे पाठवू नका. जहाज कंपनीचा बुकिंग क्रमांक हातात घ्या आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर स्वतः तपासा. कोणत्या तारखेला रद्द केले तर किती कापणार, हे आकड्यांत लिहून मागा. क्रेडिट कार्डाने भरलेत तर बँकेकडे तक्रार करण्याची एक वाट उरते, रोखीने भरलेत तर तीही नाही. समोसा खाऊन सही करायची सवय असेल तर समोसा घरीच खाऊन जा.

टूरवाल्यांनी रक्कम परत करताना ती ज्याने भरली त्याच्याच बँक खात्यात जमा करावी. ग्रुप लीडरकडे रोख देऊन ‘सगळ्यांना वाटा’ हे चालणार नाही. पुढच्या तारखेचा चेक घेतला जाणार नाही. ‘पूर्ण व अंतिम, काही तक्रार नाही’ अशा छापील कागदावर सही करण्याच्या अटीवर अर्धे पैसे देऊ पाहाल, तर तो कागदही तक्रारीला जोडला जाईल. पंधराव्या दिवशी ज्यांच्या खात्यात पैसे जमा झालेले नसतील, त्यांच्या तक्रारी सोळाव्या दिवशी ई-जागृती पोर्टलवर दाखल होतील. पावत्या, ई-मेल आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप तारखेनुसार लावून तयार आहेत.